साडेसहाचा दिवा

दुकानात स्मार्ट स्विच एकच उरला होता, आणि त्याच्यावर हात पडले दोन.

एक हात तिचा. चिकटपट्ट्या गुंडाळून गुंडाळून बोटांची टोकं कायमची काळपट झालेला. दुसरा हात त्याचा, उन्हाने रापलेला. आणि त्या हाताला बाजूला व्हायची मुळीच घाई दिसत नव्हती.

"मी आधी उचलला," ती म्हणाली.

"तुम्ही आधी धरला. उचलला दोघांनी," तो म्हणाला.

गल्ल्यामागच्या दुकानदारकाकांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. दुकानात अशी करमणूक रोज कुठे मिळते!

तिला आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या वायरताई म्हणत. वडील वायरमन होते. ते गेल्यावर त्यांची हत्यारांची पिशवी तिच्याकडे आली आणि पिशवीबरोबर त्यांचे नियमही आले. केसांचा घट्ट बुचडा, त्यात पेन खोचावं तसा टेस्टर, आणि जिभेला अजिबात इन्सुलेशन नाही… असं काकाच म्हणायचे.

"बसवणार कोण?" तिने विचारलं.

"मीच. व्हिडिओ बघितलेत."

"किती?"

"सात."

"आणि शॉक किती बसले?"

"तेवढंच राहिलंय."

ती हसली नाही. म्हणजे हसू आलं होतं, पण धंद्याच्या वेळी हसायचं नसतं. "बोर्डात न्यूट्रल आहे का?"

तो विचारात पडला. "घरी आम्ही दोघंच. मी आणि आई. मी तसा न्यूट्रल आहे. आई मात्र अजिबात नाही."

काका एवढ्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला. तिनेही मग हार मानली, आणि हसता हसता तिचा हात स्विचवरून निघाला. जिंकला गडी!

"न्यूट्रल म्हणजे वायर हो," ती डोळे पुसत म्हणाली. "जुन्या घरांत स्विचच्या बोर्डात ती नसते. दिव्याला परस्पर गेलेली असते. आणि ती नसली तर तुमचा हा स्विच म्हणजे नुसता डबा. तुमचे सातही व्हिडिओ पाण्यात."

त्याचा चेहरा पडला. मग त्याने सगळं सांगितलं. तो जमीन मोजायचं काम करायचा, नदीवर पूल होणार तिथे आधी जाऊन मापं घ्यायची. परवा त्याला लांबच्या एका पुलाच्या कामावर निघायचं होतं, सहा महिन्यांसाठी. मागे आई एकटी. आई रफूचं काम करायची, फाटलेल्या कपड्याचे धागे असे भरायची की भोक कुठे होतं ते तिचं तिलाच सापडू नये. पण एकदा सुई हातात घेतली की तिला जगाचं भान राहत नसे. संध्याकाळ व्हायची, खोलीत अंधार भरायचा, तरी ती उठून दिवा लावायची नाही. म्हणायची, एवढा टाका होऊ दे, अजून दिसतंय की! डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. रोज साडेसहाला तो घरी यायचा आणि दिवा लावायचा. आता तो नसताना कोण लावणार? म्हणून हा स्विच, लांबून फोनवर बोट टेकवलं की घरी दिवा लागेल.

"मग वेळ लावून ठेवा ना. आपोआप लागेल."

"लावून बघितली. दुसऱ्या दिवशी तिने ते यंत्रच उपटून ठेवलं. म्हणाली, घड्याळ मला उजेड दाखवणार असेल तर मी अंधारात बरी. दिवा लागला की कोणाला तरी आठवण झाली असं तिला वाटायला हवं."

वायरताईने स्विचचा खोका उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

"न्या. माझं गिऱ्हाईक थांबेल चार दिवस. पण एक अट. बोर्डाला तुम्ही हात लावायचा नाही. उद्या दहाला येते."

*

दुसऱ्या दिवशी ती दहाला पाच मिनिटं असताना पोचली, तर तो दारातच उभा.

"मी वेळेवरच आलेय," ती म्हणाली.

"पाच मिनिटं आधी. मोजतो मी. सवय आहे."

खिडकीशी वेताच्या खुर्चीत आई बसली होती. मांडीवर कुणाचा तरी कोट. तिने चष्म्याच्या वरून वायरताईला पायापासून टेस्टरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "शर्टाचं कोपर फाटलंय तुझं. काढून ठेव, तुझं काम होईपर्यंत माझं होतं."

"अहो मावशी, हा कामाचाच शर्ट आहे—"

"मग? कामाच्या कपड्याने काय पाप केलंय?"

आई न्यूट्रल नाही म्हणजे काय, ते तिला तिथल्या तिथे कळलं. आत जाऊन ती आईचा एक सैल झगा घालून आली, गुडघ्यापर्यंत लोंबणारा, मोठमोठ्या फुलांचा. मोजणीवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि घाईघाईने भिंतीकडे बघायला लागला. भिंतीवर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

तिने मेन स्विच पाडला, बोर्ड उघडला, टेस्टर लावून सगळं मेलेलं आहे ना ते पाहिलं. आत दोनच वायरी. न्यूट्रल नाही ते नाहीच.

"बघा. तुमचे सात व्हिडिओ," ती म्हणाली.

"आठवा काढतोय," तो म्हणाला. खरंच, फोन धरून तो तिच्या हातांचं चित्रीकरण करत होता!

"कशाला?"

"शिकायला."

"मग हातांचा काढा. चेहऱ्याचा कशाला?"

आईने कोटात तोंड खुपसून खोकल्यासारखं केलं.

शेजारच्या खोलीतल्या बोर्डात न्यूट्रल होती. भिंतीतल्या पाइपातून ती इकडे ओढून आणायची होती. तिने त्याला पलीकडच्या खोलीत पिटाळलं, त्याच्या बाजूने स्टीलची लांब तार पाइपात सारायला लावली, आणि इकडे पाइपाच्या तोंडाशी कान लावून बसली. मधे भिंत. मग सुरू झालं…

"ढकला."

"ढकलतोय."

"हळू! वाकडी होईल."

"हळू म्हणजे किती? बोटभर का वीतभर?"

"अंदाजाने हो! सगळं मोजायचं नसतं."

"मला अंदाज येत नाही. तुम्ही बोलत राहा, म्हणजे कळेल किती लांब आहात."

इकडे क्षणभर काहीच आवाज नाही.

"आहात ना?" भिंतीपलीकडून काळजीचा आवाज आला.

"आहे," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. एवढा साधा शब्द, आणि तो बोलायला घसा साफ का करावा लागला?

तारेचं टोक तिच्या बोटांना लागलं. तिने धरून हळूच दोनदा ओढलं. पलीकडून दोनदा ओढलं गेलं. तिने एकदा. त्याने एकदा. खरं तर हे कामात कुठेच बसत नव्हतं.

"वायर येतेय की नुसतंच खेळताय?" आईने विचारलं.

दोघांनीही एकदम तार सोडली. ती सरसर पाइपात गेली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं!

दुपारपर्यंत वायर आली. तिने टोकं सोलली, फेज इथे, दिव्याची वायर तिथे, न्यूट्रल तिच्या जागी, एकेक स्क्रू दोनदा आवळला. स्विचची काचेसारखी गुळगुळीत पट्टी भिंतीवर बसली. बोट टेकवलं की दिवा लागतो, पुन्हा टेकवलं की जातो. आता राहिलं होतं ते फोनला जोडणं.

आणि त्याचा फोन बंद पडला! आठवा व्हिडिओ तीन तास चालला होता.

"असू दे, आत्ता माझ्या फोनवर जोडते," ती म्हणाली. "तुमचा चार्ज झाला की तुम्हाला त्यात घेते आणि मग मी बाहेर पडते."

फोनवर तिने दिव्याला नाव दिलं, 'आईचा दिवा'. बोट टेकवलं. खुर्चीवरचा दिवा लागला आणि कोटाच्या बाहीवर उजेड पडला. आई वर बघत राहिली. मग म्हणाली, "हं. हे बरंय. याच्यामागे माणूस आहे."

फोन चार्ज झाल्यावर तिने त्याला त्यात घेतलंही. पण तेवढ्यात आईने शर्ट पुढे केला. कोपरावरचं भोक गेलं होतं. तिने उजेडात धरून बघितलं, बोट फिरवून बघितलं, कुठे काही लागेना. ती थक्क होऊन बघत राहिली, आणि स्वतःचं नाव दिव्यावरून काढायचं राहून गेलं.

जिन्यात तो पोचवायला आला. दोन पायऱ्या खाली ती, दोन पायऱ्या वर तो.

"काही बिघडलं तर?" त्याने विचारलं.

"नाही बिघडणार. माझ्या हातचं आहे."

"हो का," तो म्हणाला आणि कठड्यावरची नसलेली धूळ झटकायला लागला. "हे जरा वाईटच झालं."

*

तिच्या वडिलांचा एक नियम होता. काम संपवून निघताना दारात थांबायचं आणि दोन गोष्टी बघायच्या: त्यांच्या घरात आपलं काही राहिलं नाही ना, आणि त्यांचं काही आपल्याकडे आलं नाही ना.

तो नियम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला तिला आठवला. ती एका बेकरीत शिडीवर उभी होती आणि खिशातला फोन थरथरला. 'आईचा दिवा सुरू'.

अगं बाई! नाव काढायचं राहिलंच.

तिने लगेच ॲप उघडलं. 'बाहेर पडा' असं लिहिलं होतं तिथे बोट नेलं आणि… आणि मग बेकरीवाल्याने खालून हाक मारली, तिला तर निमित्तच हवं होतं. पहिल्या दिवशी विसरली, हे खरं. दुसऱ्या दिवसापासून विसरली नव्हती, हेही तेवढंच खरं. उगाच तिची बाजू कशाला घ्यायची?

रोज साडेसहा. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. माणूस कसला, घड्याळ! ती कुठेही असो, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पंख्याखाली, खिसा थरथरला की ती मनात म्हणायची, लावला. कुठेतरी नदीकाठी, चिखलाचे बूट घालून, त्याने आत्ता फोनवर बोट टेकवलं. तेवढ्यावर तिची संध्याकाळ छान जायची. फोन करायचा प्रश्नच नव्हता. काय म्हणून करणार? काम इतकं चोख झालं होतं की बोलायला निमित्त उरलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या हातच्या सफाईचा राग आला.

महिन्याभराने एका संध्याकाळी साडेसहा वाजले आणि खिसा गप्प राहिला.

सहा पस्तीस. सहा चाळीस. त्याला काही झालं का? पाणी वाढलं का नदीचं? आणि तिकडे ती माउली अंधारात डोळे फोडत बसली असेल, अजून दिसतंय की म्हणत… सहा सत्तेचाळीसला तिने डोळे मिटले आणि बोट टेकवलं. 'आईचा दिवा सुरू'.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेसहाला दिवा त्याने लावला. तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे रेंज नव्हती तर! मग पुढे आठवड्यातून एखाददुसरा दिवस असं व्हायला लागलं. सहा चाळीसपर्यंत ती वाट बघायची, आणि मग हळूच लावून टाकायची. कुणाला कळतंय? आईला वाटेल मुलाने लावला. मुलाला वाटेल आईने उठून लावला. आणि आपण कुणीच नाही.

मग एका गुरुवारी आईचा फोन आला. "बाई, दिवा डोळे मिचकावतोय."

"काय?"

"लागतो, जातो, लागतो, जातो. दोनदा. बघून जा."

मघाशी खिसा अवेळी दोनदा थरथरला होता, तो यामुळेच तर! ती चिडली. तिच्या हातचं काम लुकलुकतं? शक्यच नाही! तासाभरात पिशवी घेऊन हजर. बोर्ड उघडला, स्क्रू तपासले, जोड ओढून बघितले. काही नाही. आईने चहा पाजला, मुलाच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. तो म्हणे शाळेत जाताना पावलं मोजायचा, आणि मधे कुणी बोललं की परत घरी येऊन पहिल्यापासून चालायला लागायचा. ती हसून हसून बेजार झाली. निघताना दिवा शहाण्यासारखा स्वस्थ जळत होता.

पुढच्या गुरुवारी पुन्हा. तिने दिवाच बदलला. त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा! आता मात्र इरेला पेटून ती सगळा बोर्ड खाली उतरवून बसली. भिंतीतली वायर शेवटपर्यंत तपासली. दिव्याच्या होल्डरची पट्टी वर केली. दीड तास. आई शांतपणे एका पडद्याचं भोक भरत होती.

"वायरीत नाही, स्विचमध्ये नाही, दिव्यात नाही," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "मग आहे कुठे?"

"फोनमध्ये बघितलंस?" आई म्हणाली.

नव्हतं बघितलं. वायरमनची मुलगी ती, दोष शोधायचा तो वायरीतच, बाकी ठिकाणी तिचं लक्षच जायचं नाही. तिने ॲप उघडलं, दिव्याच्या पानावर गेली, आणि तळाशी 'नोंदी' असं बारीक लिहिलेलं होतं त्यावर आयुष्यात पहिल्यांदा बोट ठेवलं.

ओळीने सगळं लिहिलेलं. कधी लागला, कधी गेला, आणि कोणी! त्याचं नाव, साडेसहा. त्याचं नाव, साडेसहा. मग 'वायरताई, सहा सत्तेचाळीस'. पुन्हा त्याचं नाव. पुन्हा 'वायरताई'. आणि गुरुवारी दोनदा लावून दोनदा घालवणारा? तोच. तीनही गुरुवारी तोच!

म्हणजे ही यादी त्याच्याही फोनवर होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून… तिच्या कानशिलांना चटका बसला. चोरी सगळ्यांना ठाऊक, फक्त चोराला सोडून!

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "काही दिवस दिवा त्याने नव्हता लावला."

"ठाऊक आहे की. पहिल्या वेळी तोच मागाहून मला फोन करून विचारत होता, आई, रेंज नव्हती गं, दिवा लावलास का? आणि इकडे माझ्या डोक्यावर लख्ख उजेड. पहिल्यांदा वाटलं, भूत आहे. मग वाटलं, भुताला एवढी काळजी कुठली!" आईने धागा दाताने तोडला. "दर गुरुवारी दिवा मिचकावायचा, म्हणजे तू येशील आणि मला सोबत होईल, असं मला सांगतो. आणि तू गेल्यावर तासभर विचारत बसतो, ती काय म्हणाली, हसली का, टेस्टर कुठे खोचला होता."

वायरताईच्या हातातला स्क्रू खाली पडून खुर्चीखाली गेला. तो शोधायला ती वाकली आणि गरजेपेक्षा बराच वेळ खालीच राहिली.

"आणि हे ऐक," आई वरून म्हणाली. आवाज बदलला होता. "त्यांना त्याचं काम आवडलंय. सहा महिन्यांची आता तीन वर्षं करतायत. शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मला विचारत होता. मी म्हटलं, जा. आईच्या दिव्यासाठी कोणी पूल सोडतं का? दिवा काय, लागतोय वेळच्या वेळी."

*

घरी जाताना भुरभुर पाऊस होता. छत्री हातात असून तिने उघडली नाही.

तीन वर्षं! आणि ती निवांतपणे होणार होती, कारण दिवा वेळच्या वेळी लागत होता. तो नाही लावू शकला तर आपण लावत होतो. आपल्याच हाताने आपण त्याला तिकडे राहायची सोय करून दिली होती. 'या' असं म्हणायची छाती नाही, आणि लपूनछपून त्याच्या घरातला दिवा लावत बसलोय. हे कसलं प्रेम म्हणायचं?

प्रेम. शब्द मनात आला तेव्हा ती रस्त्यातच थांबली. मागून येणारा एक सायकलवाला तिला चुकवून शिव्या घालत गेला. तिला ऐकूसुद्धा आलं नाही. आवडत होता तो तिला. खूप आवडत होता, भिंतीपलीकडून 'आहात ना?' म्हणाला तेव्हापासून.

घरी येऊन तिने फोन उघडला आणि दिवा त्याच्या एकट्याच्या नावावर करून टाकला. मग 'बाहेर पडा'वर बोट ठेवलं. ॲपने विचारलं, नक्की? ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसली. मग टेकवलं. 'आईचा दिवा' पडद्यावरून गेला.

मग तिने त्याला निरोप लिहिला. चार वेळा खोडला, पाचव्यांदा पाठवला. 'दिव्यावर माझा हात राहिला होता. तो काढला. चूक झाली. ज्या दिवशी तुमचा लागणार नाही त्या दिवशी मी घरी जाऊन लावीन, मावशी अंधारात बसणार नाहीत. तुम्ही काय ठरवाल ते त्यांच्याकडे बघून ठरवा. आणि थोडं माझ्याकडे बघून ठरवलंत तरी मला राग येणार नाही.'

शेवटचं वाक्य गेलं कसं, ते तिचं तिला कळलं नाही.

उत्तर आलं नाही. रात्री नाही, सकाळी नाही. शुक्रवारी तिने एका घरात घंटेचं बटण दाबल्यावर पंखा फिरेल अशी जोडणी करून दाखवली, आणि मालकीणबाई म्हणाल्या, "वायरताई, बरं वाटत नाहीये का?" ती ते सगळं उपसून पुन्हा जोडत असताना साडेसहा वाजले. खिसा गप्प. आता तो गप्पच राहणार होता. दिवा लागला की नाही, हे कळायचा एकच मार्ग उरला होता, चालत जाऊन बघणं.

ती त्यांच्या घराच्या वळणावर आली, वर बघितलं. खिडकीत अंधार.

मग कसलं चालणं! पिशवी काखेत मारून ती धावली. दोन-दोन पायऱ्या चढत, मनात नको नको ते येत, दार ढकलून आत शिरली. "मावशी!"

"आली बघ," अंधारातून आईचा आवाज आला. "मोज. किती वेळ लागला?"

"वळणावरून दारापर्यंत… एक मिनिट दहा सेकंद," दुसरा आवाज म्हणाला.

खिडकीशी तो उभा होता. पायाशी बॅग, अंगावर प्रवासाने चुरगळलेला सदरा, बुटांना वाळलेला चिखल. सकाळपासून गाड्या बदलत आला होता.

"तुम्ही… दिवा का नाही लावलात?" तिला धाप लागली होती.

"लावणार होतो. आईने हात धरला. म्हणाली, अंधार असू दे. अंधार दिसला की ती पळत येते की नाही, बघू."

"मावशी!"

"काय मावशी?" आई खुर्चीतून म्हणाली. "तीन वर्षांचा प्रश्न होता. खात्री नको करून घ्यायला?"

वायरताई भिंतीला टेकून उभी राहिली. धाप कमी होईना. "आणि उत्तर? पुलाचं?"

"काल रात्रीच दिलं," तो म्हणाला. "माझी सहा महिन्यांची मापं पुरी करीन. अजून दोन महिने आहेत. पुढची तीन वर्षं दुसऱ्या कुणीतरी मोजावी. इथेही रस्ते आहेत, नद्या आहेत." तो थांबला. "फोनमध्ये दिवा कोणाकोणाचा, तिथे रोज आपली दोन नावं दिसायची. एकाखाली एक. रेंज नसायची ना, तेव्हा मी टेकडीवर चढायचो. दिवा लावायला नाही. तो तुम्ही लावला असणार, माहीत होतं. नोंदीत तुमचं नाव आलं का, ते बघायला. काल बघितलं तर दिव्यावर नाव माझं एकट्याचंच. मग नाही राहवलं."

"निरोपाला उत्तर तरी द्यायचं…"

"दिलं की. हे काय, उभं आहे समोर." तो हसला, मग एकदम गंभीर झाला. "मला तुम्ही आवडता. किती, ते सांगता येत नाही. पहिल्यांदाच काहीतरी मोजायचं सोडून दिलं."

खोलीत पुरता अंधार झाला होता. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता आणि तिचा त्याला, हे एक बरंच होतं.

"मलाही," ती म्हणाली. घसा साफ न करता, स्पष्ट. "त्या भिंतीपासून. तुम्ही पलीकडे होतात तेव्हापासून."

मग आई म्हणाली, "झालं असेल तर आता दिवा लावा रे कोणीतरी. सुई कुठे पडली ते सापडत नाहीये."

दोघंही एकदम स्विचकडे वळले. दोघांचीही बोटं एकदम पट्टीवर पडली. आधी तिचं, लगोलग त्याचं. दिवा लागला… आणि गेला.

"अरे एकानेच!" आई ओरडली.

अंधारात तिघंही हसत सुटली. तिचं बोट अजून पट्टीवर होतं आणि त्याचं तिच्या बोटावर. यावेळी तो हात त्यानेच मागे घेतला.

"तू लाव," तो म्हणाला.

तू! केवढंसं अक्षर. तिने ते मनात दोनदा म्हणून बघितलं आणि मग बोट टेकवलं.

उजेड पडला. वेताची खुर्ची, पडदा, चिखलाचे बूट, आणि समोर तो, तिच्याकडे बघत. त्याच्या खिशातला फोन थरथरला. त्याने काढून नोंदी उघडल्या. "आईचा दिवा सुरू. भिंतीवरून. बस, एवढंच आलंय. नाव नाही."

"भिंतीवरून लावला की नाव येत नाही," ती म्हणाली.

"मग कसं कळणार, कोणी लावला ते?"

आईला मांडीवरच सुई सापडली होती. तिने धाग्याचं टोक ओठात धरून ओलं केलं, दिव्याकडे सुई उंच धरली, आणि सुईच्या भोकातून त्या दोघांकडे बघितलं.

"मला दिसतंय की अजून," ती म्हणाली, आणि पहिल्याच फटक्यात धागा ओवला.